साखळीत ६६६ आणि शेजारच्या पर्येत १३,९४३: खाणपट्ट्यातली मतं फिरतात तरी कशावर?

दोडामार्गकर

नमस्कार मंडळी. मी दोडामार्ग तालुक्यातला. आमच्याकडे कळण्याच्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि लाल चिखल गावात शिरला. तेव्हापासून खाण आणि राजकारण हा विषय निघाला की आमच्या घरात जेवणं लांबतात. आमची निम्मी मुलं कामाला गोव्यात, सोयरिकी डिचोली-सत्तरीत, त्यामुळे तिकडची विधानसभा आम्हाला आमच्याइतकीच जवळची.

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. गोव्याच्या २०२२ च्या निवडणुकीत साखळी मतदारसंघातून खुद्द मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत ६६६ मतांनी निवडून आले. त्याला लागून असलेल्या पर्येत डॉ. देविया राणे १३,९४३ मतांनी. दोन्हीकडे खाणी, दोन्हीकडे टिपर म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, दोन्हीकडे तीच लाल धूळ आणि पक्षही तोच, भाजप. मग एका ठिकाणी जीव टांगणीला आणि दुसऱ्या ठिकाणी एकतर्फी, असं का? लोकांनी खाणीच्या बाजूने किंवा विरोधात मत दिलं असं म्हणता येईल का? पेपरांतली विश्लेषणं वाचली आहेत. तिथे राहणाऱ्या माणसाकडून ऐकायचं आहे.

फोंड्याचा_आकडेवाला

आधी आकडे देतो, कारण साखळी एकटी नव्हती. डिचोलीत अपक्ष डॉ. चंद्रकांत शेट्ये यांनी मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) नरेश सावळ यांना ३१८ मतांनी हरवलं. त्यावेळचे विधानसभेचे सभापती राजेश पाटणेकर तिथे भाजपचे उमेदवार होते, ते तिसरे. दक्षिणेत कुडचड्याला मंत्री निलेश काब्राल ६७२ मतांनी वाचले, समोर काँग्रेसचे अमित पाटकर. प्रियोळात गोविंद गावडे विरुद्ध दीपक ढवळीकर, फरक २१३.

पण फक्त खाणीवर बोट ठेवू नका. सांत आंद्रेत आरजीचे (रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचे) वीरेश बोरकर ७६ मतांनी आले आणि तिथे एकही खाण नाही. गोव्यात मतदारसंघ लहान, सरासरी २८-२९ हजार मतदारांचा. तुमच्या सावंतवाडी मतदारसंघात दोन लाखांवर मतदार आहेत. त्यामुळे ६६६ हा आकडा तुम्हाला वाटतो तेवढा चमत्कारिक नाही. बाकी साखळीतला कोणी असेल तर त्याने सांगावं.

वेळग्याचा_टिपरवाला

दोडामार्गकरबाब, मी साखळी मतदारसंघातला. माझे दोन टिपर होते, सहा चाकी. एक विकला, एक आहे. २०१२, २०१७, २०२२, तिन्ही विधानसभांना मी इथेच मत दिलं आहे. कोणाला दिलं ते इथे लिहिणार नाही, वाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

खाण हवी की नको, हा प्रश्न आमच्या मतदान यंत्रावर नव्हताच. भाजप, काँग्रेस, आप, सगळ्यांनी खाणी सुरू करण्याचं वचन दिलं होतं. खाण बंद ठेवा म्हणणारा उमेदवार साखळीत निवडून यायच्या शर्यतीत कधी नसतो. तेव्हा खाणवाल्यांनी याला दिली, शेतकऱ्यांनी त्याला दिली, अशी वाटणी करू नका. माझ्या घरात टिपर आहे आणि माझ्याच सख्ख्या काकाच्या शेतात डंपचा, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाचा, गाळ उतरला आहे. दोन्ही घरांचं जेवण चतुर्थीला एकत्र.

मग मत कशावर पडतं? खाण बंद असताना दारात कोण आलं, त्यावर.

हा बंद काळ बाहेरच्यांना नीट समजत नाही. चीन आमचा हलक्या प्रतीचा माल उचलत होता तेव्हा २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांवर खनिज गेलं. त्या काळात ज्याच्याकडे एक टिपर होता त्याने दुसरा घेतला, ज्याच्याकडे काही नव्हतं त्याने भाट म्हणजे बागायत गहाण टाकून घेतला. बँका घरी येऊन कर्ज देत होत्या. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने काम थांबवलं आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सगळंच बंद केलं. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, पण माल प्रत्यक्ष हलायला २०१५ उजाडलं. जरा कुठे हप्ते सुरळीत होतात तोवर ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने नूतनीकरण केलेली ८८ लीजं, म्हणजे भाडेपट्ट्याने दिलेल्या खाणी, रद्द केली. १६ मार्चपासून पुन्हा शुकशुकाट. तीनच दिवसांनी आम्ही पणजीत पूल अडवले आणि लाठ्या खाल्ल्या.

उभा टिपर म्हणजे काय ते सांगतो. बॅटरी काढून घरात ठेवायची, आठवड्याला एकदा जोडून इंजिन फिरवायचं. वजन टायरवर राहू नये म्हणून अॅक्सलखाली लाकडाचे ओंडके. तरी दुसऱ्या पावसाळ्यात हौद्याच्या तळाचा पत्रा पापुद्र्यांनी सुटायला लागला. बोटाने दाबला की लाल भुकटी हातात यायची, आणि ती खनिजाची आहे की माझ्या गाडीची ते कळायचं नाही. विमा, रस्ता कर, हप्ता मात्र चालूच. वाड्यावर संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बसलो की बोलणं एकच, तुझ्याकडे बँकेचा माणूस आला काय?

अशा वेळी घर खाणीवरून उतरतं आणि सरकारवर चढतं. हा बदल झाला आणि तिथेच निवडणूक बदलली. बायकोला गृह आधार योजनेचे महिना दीड हजार, आईला दयानंद सामाजिक सुरक्षेचे दोन हजार, मुलीच्या लग्नाला लाडली लक्ष्मी योजनेची मदत, ट्रकाच्या कर्जाला एकरकमी तडजोडीची योजना, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मुलाला सरकारी नोकरी. खाण चालू असती तर यातल्या निम्म्या गोष्टींसाठी आम्ही आमदाराच्या दारात गेलोच नसतो. पूर्वी माणूस कंपनीच्या ऑफिसात जायचा, सुपरवायझरला भेटायचा. २०१८ नंतर आमदाराकडे जायला लागला. आणि आमदारच मुख्यमंत्री असेल तर त्याच्याकडून अपेक्षा किती असतील, विचार करा.

मुख्यमंत्री आपल्या गावचा हे बळही आहे आणि ओझंही. सावंत कोठंबीचे, म्हणजे अगदी घरचे. ज्या घरात नोकरी लागली त्या घरातली पाच मतं घट्ट झाली. पण शेजारच्या घरातला मुलगा तेवढाच शिकलेला, त्याचं नाव यादीत आलं नाही, ती पाच मतं समोर गेली. साध्या आमदाराला लोक म्हणतात की बिचाऱ्याच्या हातात काय आहे. मुख्यमंत्र्याला तसं कोणी म्हणत नाही. राज्यभर फिरणारा माणूस वाड्यावरच्या बाराव्याला पोचला नाही तर तेही लक्षात ठेवलं जातं.

आता आकडे बघा. २०१७ मध्ये सावंतांना १०,०५८ आणि काँग्रेसच्या धर्मेश सगलानींना ७,९२७, फरक २,१३१. २०२२ मध्ये १२,२५० आणि ११,५८४. म्हणजे सावंतांची मतं कमी झाली नाहीत, दोन हजारांवर वाढली. सगलानींची साडेतीन हजारांवर वाढली. मतदान ८९ टक्क्यांच्याही वर गेलं आणि तिसऱ्या-चौथ्याला जाणारी मतं आटली. तेव्हा लोक मुख्यमंत्र्यांना सोडून गेले, हे वाचन चुकीचं आहे. साखळीत दोनच रांगा उरल्या आणि प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या रांगेत उभा राहिला. सगलानी साखळीचे नगराध्यक्ष राहिलेले, बाजारातला माणूस, दुकानदाराला नावाने हाक मारणारा. विरोधाला घट्ट धरून ठेवणारा एक माणूस मिळाला. पर्येत तो नव्हता.

पर्येचं उत्तर मला सोपं वाटतं. तिथे प्रतापसिंह राणे १९७२ पासून सलग निवडून येत होते, पन्नास वर्षं. काँग्रेसने त्यांचं नाव जाहीर केलं, ते मागे सरले आणि समोर त्यांच्याच घरची सून भाजपकडून. पिसुर्ले-होंड्याचा टिपरवाला माझ्याइतकाच कर्जात होता. पण त्याच्या नाराजीला उभं राहायला जागा नव्हती. नाराजी दोन्हीकडे सारखी होती असं मी खात्रीने सांगतो, कारण मालाच्या रांगेत आम्ही एकत्र उभे राहिलेलो आहोत.

मतमोजणीच्या दिवशी, १० मार्चला, पहिल्या फेऱ्यांत मुख्यमंत्री मागे होते. आमच्या तिठ्यावर दोन्ही बाजूंनी फटाक्यांचे खोके आणून ठेवले होते आणि पहिले दोन तास कोणी वात पेटवायला धजेना. ६६६ म्हणजे किती ते आम्ही तिथेच मोजलं. ३३४ माणसांनी इकडचं तिकडे केलं असतं की निकाल उलटा. आमच्याकडे कार्यकर्ता मतदारयादीचं पान घेऊन बसतो तेव्हा त्याला घरागणिक नाव, आजार, भांडण, सगळं ठाऊक असतं. ३३४ म्हणजे आमचे दोन वाडे. त्या दिवसापासून इथे कोणीही स्वतःचं मत क्षुल्लक समजत नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

मुळगावची_सून

टिपरवालेदादा, तुमचं बरंचसं पटलं. पण खाण हवी की नको हा प्रश्न नव्हताच, हे तुम्ही गाड्या असलेल्या घरातून बोलता आहात. आमच्याकडे तो प्रश्न दर ग्रामसभेला असतो. यंत्रावर नसतो, कारण तो मांडणारा उमेदवार कोणी उभा करत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

माझे सासरे पूर्वी वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भातपीक, करायचे. वायंगणाला पाणी डोंगरातल्या झरीचं आणि तळ्याचं. खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला की झर खड्ड्याकडे वळते. मग कंपनी खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून शेताला सोडते आणि आपण उपकार केले असं सांगते. खाण बंद झाली की पंप बंद. झर आधीच गेलेली, पंपाचं पाणीही गेलं. आमच्या तीन कुणग्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, त्या वर्षी तरवा (रोपांसाठी बी) टाकलाच नाही. सासरे बांधावर जाऊन यायचे, घरी येऊन काही बोलायचे नाहीत. दोडामार्गकरांनी कळण्याचं लिहिलं आहे, तसा भरलेला खड्डा पावसात डोक्यावर असतो ती भीती आम्हालाही आहे.

प्रचाराला येणारा प्रत्येक माणूस ट्रकाच्या हप्त्याबद्दल बोलायचा. चार पक्षांची माणसं ओट्यावर बसून गेली, झरीबद्दल एकानेही विचारलं नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, खाण सुरू झाली की पाणी सोडतील. म्हणजे ज्याने पाणी नेलं त्यानेच ते परत द्यावं म्हणून आम्ही मत द्यायचं.

आणि २०२२ च्या निवडणुकीनंतर खाणींचे लिलाव झाले तेव्हा काय दिसलं? लीजच्या हद्दीत घरं, देवळं, तळं, शेतं. मुळगावच्या लोकांनी ही सगळी हद्दीतून बाहेर काढा अशी मागणी लावून धरली. हे प्रश्न निवडणुकीआधी कोणी ओट्यावर बोललं असतं तर आमच्या कितीतरी बायकांनी मत वेगळं दिलं असतं. तुम्ही ३३४ मोजलेत दादा, त्यांत आम्हालाही धरा.

दोडामार्गकर

मुळगावताई, तुमचा मुद्दा आमच्याकडच्या बायकाही अगदी याच शब्दांत मांडतात. टिपरवालेबाब, तुमचं ऐकून एक प्रश्न आणखी पडला. आता लिलाव झाले, डिचोलीचा पहिला ब्लॉक, म्हणजे लिलावात गेलेला खाणपट्टा, २०२४ मध्ये सुरूही झाला. मग २०२७ च्या निवडणुकीत 'खाणी सुरू करू' हे वचन संपलं, नाही का? उमेदवाराला विचारायचं तरी काय?

वेळग्याचा_टिपरवाला

ताईंचं म्हणणं रास्त आहे. तिन्ही निवडणुकांत माझ्या वाड्यावर झरीचा विषय कोणी काढला नाही, आणि त्याची किंमत आम्हीही मोजतो. आमच्या वाड्यावरच्या दोन विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात.

दोडामार्गकर, तुम्ही बरोबर पकडलंत. इतकी वर्षं एकच वाक्य चाललं, सहा महिन्यांत सुरू करतो. ते वाक्य आता विकलं जाणार नाही. लिलावात गेलेलं लीज पन्नास वर्षांचं असतं. म्हणजे ज्याला ते मिळालं तो माझ्या नातवाच्या टिपरालाही काम देईल किंवा देणार नाही. आमदार दर पाच वर्षांनी बदलता येतो, लीजवाला बदलता येत नाही. म्हणून आमदाराकडून लिहून घ्यायचं ते आत्ताच.

मी पहिलं विचारणार ते गाड्यांबद्दल. स्थानिक टिपर आधी, हे सगळेच म्हणतात. पण स्थानिक म्हणजे कोण? पंचायतीतला, तालुक्यातला की राज्यातला? मोठ्या चाकांच्या गाड्या घेऊन बाहेरचा कंत्राटदार उतरला तर माझी सहा चाकी त्याच्यापुढे दरात टिकत नाही. दर टनाला आणि किलोमीटरला किती, डिझेल वाढलं तर तो आपोआप वाढणार की पुन्हा रस्त्यावर बसायचं, हे ठरल्याशिवाय 'स्थानिकांना प्राधान्य' या शब्दांना अर्थ नाही. पिळगावला शेतकऱ्यांनी आणि कामावरून कमी केलेल्या लोकांनी मिळून वाहतूक अडवली, ती उगाच नव्हे.

दुसरं जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे पैसे. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. लिलावातल्या लीजधारकाने रॉयल्टीच्या १० टक्क्यांएवढी रक्कम, जुन्याने ३० टक्क्यांएवढी, वेगळी भरायची. ती खाणबाधित गावांसाठी, पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांवर खर्च करायची. ताईंच्या झरीचा हक्क या पैशांवर पहिला आहे. तळ्याचा गाळ काढणं, बांध घालणं, कुणग्यातला गाळ उपसणं, हे सगळं त्यात बसतं. पण गावाने ठराव करून मागितल्याशिवाय ते पैसे गावाकडे वळत नाहीत. आमच्या पंचायतीत मी दोन ग्रामसभांना हे बोललो, पहिल्या सभेला ऐकायला सात माणसं होती, दुसऱ्या सभेला सभामंडप भरला. कारण मधल्या काळात एका पोराने माहिती अधिकारात कामांची यादी मागवली आणि ती देवळाच्या फळ्यावर लावली. यादी वाचल्यावर माणसं बोलायला लागली.

तिसरं हद्दीचं. ताईंच्या गावचा प्रश्न उद्या आमचाही होणार, कारण बाकीचे ब्लॉक रांगेत आहेत. पर्यावरण दाखल्यासाठी जनसुनावणी होते, तिथे तोंडी भांडून उपयोग नाही. आपल्या घराचा, देवळाचा, तळ्याचा सर्व्हे नंबर, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा, तुमच्या सात-बारासारखा) आणि लीजचा नकाशा शेजारी शेजारी लावून लेखी हरकत द्यावी लागते. ती नोंद राहते. आमच्या वाड्यावर हे काम आता सुरू केलं आहे, शाळेतले निवृत्त मास्तर बसून प्रत्येक घराचे नंबर लिहून घेत आहेत. पुढच्या वेळी कुठलाही उमेदवार ओट्यावर आला की ती वही त्याच्या पुढ्यात ठेवायची आणि यातले कुठले नंबर तू हद्दीबाहेर काढायला लावणार ते सही करून सांग म्हणायचं, असं ठरलं आहे.

मुळगावताई, तुमच्याकडे हे काम आमच्याआधी झालेलं आहे. तुमच्या हरकतींचा मसुदा इथे टाकता आला तर टाका. मास्तरांना दाखवतो, आणि दोडामार्गकरांनाही कळण्यासाठी उपयोगी पडेल.